रेंज आपली, झेंडा त्यांचा

दोन वर्षांपूर्वी एका रात्री दीड वाजता माझा फोन वाजला. मूल तालुक्यातला माझा बालमित्र बोलत होता. त्याचं नाव सांगत नाही, कारण तो अजून जहाजावरच नोकरी करतो. हॅलो नाही, कसा आहेस नाही. पहिलंच वाक्य :

“मी इंडियात आहो का नाही, एवढंच सांग ना बे.”

तो एका मालवाहू जहाजावर ओएस होता. डेकवरची सगळ्यात खालची पायरी म्हणजे ओएस. जहाजाचा मालक एका देशातला, झेंडा दुसऱ्याच देशाचा, कॅप्टन तिसऱ्या देशाचा आणि बोसन चौथ्या. बोसन म्हणजे डेकवरच्या खलाशांचा मुकादम. जहाज आखातातून कोलंबोकडे निघालं होतं आणि केरळचं दक्षिण टोक ओलांडत होतं. किनाऱ्यावर दिव्यांची माळ दिसत होती. मोबाइलला दोन कांड्या रेंज आली होती, म्हणून फोन लागला.

वॉचवर त्याला डुलकी लागली म्हणून बोसनने लोखंडी पाना त्याच्या मनगटावर हाणला होता. हात कोपरापर्यंत सुजला होता. कॅप्टन म्हणाला, कोलंबोत डॉक्टर बघेल. नोंदवहीत लिहिलं गेलं, ‘पाय घसरून पडला.’

मी गडचिरोलीत वकिली करतो. समुद्राशी माझा संबंध गणपतीपुळ्याच्या सहलीपुरता. पण वकिलाला मित्र प्रश्न विचारतात तेव्हा ‘माहीत नाही’ म्हणायची सवय नसते. मी त्याला विचारलं, “मारलं तेव्हा रेंज होती का?”

पलीकडे शांतता. मग तो म्हणाला, “मनगट मोडलं बे माझं. रेंज कशाला पाहू?”

हा लेख त्या माझ्या प्रश्नाबद्दल आहे. तो प्रश्न कायद्याच्या दृष्टीने अगदी बरोबर होता. म्हणूनच तो मला दोन वर्षं छळतो आहे.

*

आधी कायदा सांगतो, कारण त्याच्याशिवाय पुढची अडचण कळणार नाही.

किनाऱ्यापासून बारा सागरी मैलांपर्यंतचं पाणी, म्हणजे साधारण बावीस किलोमीटर, हे त्या देशाचं प्रादेशिक पाणी. आपल्याकडे १९७६चा सागरी क्षेत्रांचा कायदा सांगतो की या पट्ट्यावर भारताचं सार्वभौमत्व आहे. गडचिरोलीच्या गांधी चौकात जितका भारत आहे, तितकाच तो अकराव्या मैलावरच्या लाटेवर आहे. म्हणजे मित्राच्या प्रश्नाचं पुस्तकी उत्तर सरळ होतं : हो, तू भारतात आहेस.

पण त्याच पाण्यातून परदेशी जहाजांना निरुपद्रवीपणे पुढे जाण्याचा हक्क असतो. आणि १९८२च्या संयुक्त राष्ट्रांच्या सागरी कायदा कराराचं २७वं कलम म्हणतं की अशा नुसत्या पुढे जाणाऱ्या जहाजावर घडलेल्या गुन्ह्यासाठी किनाऱ्याच्या देशाने कुणाला अटक करू नये, तपास करू नये. अपवाद चार. गुन्ह्याचे परिणाम किनाऱ्याच्या देशापर्यंत पोचत असतील तर. त्या देशाची शांतता किंवा त्या पाण्यातली सुव्यवस्था बिघडत असेल तर. अमली पदार्थांचा व्यापार रोखायचा असेल तर. आणि चौथा अपवाद : जहाजाच्या कॅप्टनने किंवा झेंड्याच्या देशाच्या राजनैतिक अधिकाऱ्याने मदत मागितली तर.

आणखी एक मेख आहे. जहाज या पट्ट्यात शिरण्याआधी गुन्हा घडला असेल आणि ते कुठल्याही बंदरात न येता नुसतं पुढे निघालं असेल, तर काही मोजके विषय सोडता किनाऱ्याच्या देशाने त्यात पडायचंच नाही. तेराव्या मैलावर पाना उचलला असेल तर गोष्ट वेगळी, अकराव्यावर उचलला असेल तर वेगळी. मी रेंज विचारली ती यासाठी.

आता तो चौथा अपवाद पुन्हा वाचा. मदत कोण मागू शकतं? कॅप्टन. वकिलातीचा अधिकारी. ज्याचं मनगट मोडलं, तो त्या यादीत नाही. त्याने हाक मारू नये असं कलम म्हणत नाही. त्याची हाक मोजायची असते, हे कलमाला सुचलेलंच नाही.

*

हे असं का झालं, याचा इतिहास एकाच बंदरात दोनदा घडला आहे. ते बंदर मार्सेय, मराठी माणसाच्या ओळखीचं.

पहिली वेळ नेपोलियनच्या काळातली. ‘सॅली’ नावाचं अमेरिकन जहाज मार्सेयमध्ये उभं होतं. एका खलाशाने परवानगी न घेता जहाजाची होडी वापरली, म्हणून जहाजावरच्या अधिकाऱ्याने त्याला जबर जखमी केलं. फ्रेंच अधिकारी म्हणाले, आमच्या बंदरात घडलं, आम्ही बघू. अमेरिकन वकील म्हणाला, आमच्या जहाजावर घडलं, आम्ही बघू. १८०६ मध्ये फ्रान्सच्या राज्यपरिषदेने मत दिलं की परक्या जहाजावरच्याच लोकांमधली आपसातली बाब असेल, बंदराची शांतता बिघडली नसेल आणि कुणी मदत मागितली नसेल, तर फ्रान्सने त्यात पडू नये. आजच्या २७व्या कलमात या मताचा आवाज स्पष्ट ऐकू येतो.

दुसरी वेळ ८ जुलै १९१०. ‘मोरिया’ जहाजावरून सावरकरांना खटल्यासाठी लंडनहून हिंदुस्थानात आणलं जात होतं. त्यांनी उडी मारली, पोहत धक्का गाठला आणि ते पळत सुटले. फ्रेंच सागरी पोलिसांच्या एका हवालदाराने त्यांना पकडलं आणि जहाजावर परत नेऊन दिलं. ही गोष्ट आपण शाळेपासून ऐकत आलो. तिचं राजकारण कुणाला पटो न पटो, मला तिच्यातला एक बारीक तपशील महत्त्वाचा वाटतो.

पुढे फ्रान्स आणि ब्रिटन हे प्रकरण हेगच्या लवादाकडे घेऊन गेले. २४ फेब्रुवारी १९११ला निवाडा आला : पकडून परत देण्यात अनियमितता झाली, पण म्हणून ब्रिटनने कैदी परत करावा असा आंतरराष्ट्रीय कायद्याचा नियम नाही. त्या निवाड्यात हवालदाराबद्दलही नोंद आहे. पळणारा माणूस कोण हे त्याला ठाऊक नव्हतं. त्याने ‘पकडा’ अशी ओरड ऐकली आणि त्याला वाटलं की हा जहाजावर काहीतरी गुन्हा करून पळालेला खलाशी असणार.

म्हणजे समोरचा माणूस फ्रान्सच्या जमिनीवर उभा होता. पण हवालदाराच्या मनात तो अजून जहाजावरच होता. जहाजावरचा गुन्हा, जहाजाचा माणूस, जहाजाला देऊन टाका. एका प्रसिद्ध कैद्यासाठी निदान दोन साम्राज्यं हेगला भांडली. त्या खटल्यातही स्वतः सावरकर पक्षकार नव्हते, पक्षकार होती दोन सरकारं. पण हवालदाराला वाटला तसा तो खरोखरच एखादा मार खाऊन पळालेला खलाशी असता, तर? मग निवाडाच काय, बातमीही झाली नसती.

*

कुणी म्हणेल, गंभीर गुन्ह्यात असं होत नाही. खरं आहे. १८८६ मध्ये न्यू जर्सीच्या बंदरात ‘नूर्डलँड’ या बेल्जियन जहाजाच्या आत एका बेल्जियन खलाशाने दुसऱ्याला भोसकून मारलं. बेल्जियमचा वकील करार घेऊन आला : जहाजातली शिस्त आमची. प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेलं. न्यायालयाने १८८७ मध्ये सांगितलं की मनुष्यवधासारखा गुन्हा जहाजाच्या पोटात घडला तरी तो कळल्यावर किनाऱ्यावरचा समाज अस्वस्थ होतोच, म्हणून खटला इथेच चालेल.

निकाल योग्यच होता. पण त्याचं कारण बघा. मोजमाप झालं ते किनाऱ्यावरच्या लोकांच्या अस्वस्थतेचं. मेलेल्याच्या बाजूने न्यायालय उभं राहिलं, पण मधे आपली झोप घालून. आमची झोप मोडली, म्हणून तुला न्याय. मनगट मोडल्याने कुणाची झोप मोडत नाही.

आपल्याजवळचं उदाहरण बघू. १५ फेब्रुवारी २०१२. केरळच्या किनाऱ्यापासून सुमारे साडेवीस सागरी मैलांवर ‘एनरिका लेक्सी’ या इटालियन टँकरवरच्या नौसैनिकांनी ‘सेंट अँटनी’ या मासेमारी बोटीवर गोळ्या झाडल्या. दोन मच्छीमार मेले. ती जागा बारा मैलांच्या बाहेर होती, तरी भारताने प्रकरण सोडलं नाही. सर्वोच्च न्यायालय, हॅम्बुर्ग, हेग असं ते नऊ वर्षं फिरलं. २०२० मध्ये लवादाने ठरवलं की नौसैनिकांना इटलीचे सरकारी अधिकारी म्हणून संरक्षण आहे, भारत खटला चालवू शकत नाही, पण इटलीने भरपाई द्यावी. दहा कोटी रुपये जमा झाले आणि जून २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण बंद केलं. निकाल कडू वाटला तरी देश भांडला, कारण गोळी जहाजाबाहेर आली होती आणि भारतीय बोटीवर लागली होती.

तोच भारतीय माणूस परक्या जहाजाच्या आत असता आणि घाव आतल्या आत पडला असता, तर? त्याचं उत्तर मला त्या रात्री मिळालं. मी सकाळपर्यंत एका सरकारी कार्यालयाचे तीन नंबर फिरवले. तिसऱ्यावर एका सभ्य माणसाने उचलला आणि विचारलं, “झेंडा कुठला?” मी सांगितला. तो म्हणाला, “मग त्या देशाला कळवा.” तो देश मला नकाशावर शोधावा लागला.

*

इथपर्यंत वाचून तुम्हाला वाटेल, मी म्हणणार की आपल्या पाण्यात आपलाच कायदा, चढा जहाजावर आणि धरा बोसनला. तेवढं सोपं असतं तर हा लेख लिहिला नसता. कारण मी राहतो त्या जिल्ह्याने मला नेमकं उलट शिकवलं आहे.

धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाची घोषणा महाराष्ट्राला ठाऊक आहे : ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार.’ ती नुसती घोषणा नाही. त्या गावाने सगळ्यांच्या सहमतीने निर्णय घ्यायची रीत घडवली. २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवले. आपल्या जंगलातला बांबू आपण विकू हे २०११ मध्ये सरकारच्या गळी उतरवलं. आमच्याकडच्या कितीतरी गावांनी शतकभर बाहेरून येणारा कायदा कसा असतो ते पाहिलं आहे. तो गणवेशात येतो, ‘तुमच्या भल्यासाठी’ म्हणतो आणि जाताना कोंबडी घेऊन जातो. म्हणून ‘आमचं आम्ही बघू’ हे वाक्य मी ऐकतो तेव्हा माझं मन आधी त्या वाक्याच्या बाजूने जातं.

जहाजसुद्धा तेच वाक्य म्हणतं. तेही एक तरंगतं गाव आहे. त्याचा झेंडा, त्याची शिस्त, त्याचा पाटील. प्रत्येक देशाच्या पोलिसांनी वाटेत चढून चौकश्या केल्या तर जहाज चालणारच नाही. आणि किनाऱ्याचा कायदा नेहमी सुटका करायलाच येतो असंही नाही. ‘हिरॉइक इदून’ या टँकरवरचे २६ खलाशी, त्यात १६ भारतीय, ऑगस्ट २०२२ मध्ये इक्वेटोरियल गिनीने धरले, मग नायजेरियाच्या हवाली केले. ते २०२३ मध्ये सुटले. त्यांच्या घरच्यांना विचारा, किनाऱ्याचा कायदा कसा दिसतो.

मग मेंढ्याचं ‘आम्ही’ मला पटतं आणि जहाजाचं ‘आम्ही’ का पटत नाही? फक्त आपलं-परकं एवढंच कारण असेल तर ते कारण नव्हे, पक्षपात आहे.

मी बराच विचार केला आणि मला दोन प्रश्न सापडले. पहिला : आत सगळ्यात खाली असलेला माणूस बोलू शकतो का? दुसरा : त्याला पटलं नाही तर तो बाहेर पडू शकतो का?

सहमतीने चालणाऱ्या ग्रामसभेत एक माणूस नाही म्हणाला तरी निर्णय थांबतो. आणि फारच बिनसलं तर गावाबाहेर जाणारी वाट आहे. जहाजावर यातलं काहीच नाही. बोसनची तक्रार कॅप्टनकडे, आणि कॅप्टनच्या हातात नोंदवही. बाहेर पडायचं तर चारी बाजूंनी पाणी. जहाज गावासारखं दिसतं, पण त्यात ‘आम्ही’ नावाचं काही नाही. आहे तो कॅप्टनचा ‘मी’, त्याने झेंडा पांघरला आहे.

ही कसोटी प्रामाणिक असेल तर ती माझ्या घरालाही लावली पाहिजे. आमच्याकडे काही माडिया-गोंड गावांत पाळीच्या दिवसांत बाईला गावाच्या कडेच्या कुर्माघरात राहावं लागतं. पावसात, सापाकिरड्यात. बाहेरच्या कुणी विचारलं की उत्तर मिळतं, ही आमची रीत आहे. ‘आमची’ म्हणजे कुणाची? कुर्माघरात झोपणाऱ्या बाईला ती रीत ठरवताना कुणी विचारलं होतं? गावाच्या स्वराज्यावर माझा विश्वास आहे, पण जिथे तिचा आवाज पोचत नाही, तिथे ‘आमचं आम्ही’ हे वाक्य बोसनच्या पान्याइतकंच जड होतं.

म्हणजे बाहेरच्याने कधी आत यावं, याचं उत्तर बाहेरच्याच्या झोपेत शोधायचं नाही, हद्दीच्या रेघेतही नाही. ते आतल्या खालच्या माणसाच्या हाकेत आहे. त्याने हाक मारली आणि आत ती ऐकणारं कुणी नाही, तर जवळचा जो असेल त्याने जायचं. तो आपला की परका, हे नंतर बघू.

*

हे भाबडं वाटेल. पण जमिनीवर आपण हेच तत्त्व कायद्यात लिहिलं आहे. माझ्या अशिलांमध्ये मिरची तोडायला तेलंगणात जाणारे मजूर असतात. मुकादमाने मजुरी बुडवली, मारलं, की ते प्राणहिता ओलांडून परत येतात आणि ठाण्यात जातात. पूर्वी पहिला प्रश्न ठरलेला : घटना कुठली? पलीकडची? मग पलीकडे जा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या १७३व्या कलमाने स्पष्ट केलं की दखलपात्र गुन्ह्याची खबर, तो कुठल्याही हद्दीत घडलेला असो, ठाण्याने घ्यायचीच. यालाच आपण झिरो एफआयआर म्हणतो. आधी नोंद, मग हद्दीचा हिशेब, आणि तो हिशेब पोलिसांनी आपसात करायचा. रक्त वाहत असलेल्या माणसाने नकाशा वाचायचा नाही.

समुद्रावरही याची सुरुवात झाली आहे. २००६चा सागरी कामगार करार भारताने २०१५ मध्ये मान्य केला. त्यानुसार परक्या झेंड्याच्या जहाजावरचा खलाशी बंदरात आल्यावर पगार, जेवण, राहणी, सुरक्षितता याबद्दल स्वतः तक्रार करू शकतो. कॅप्टनच्या परवानगीची गरज नाही, आणि त्याचं नाव गुप्त ठेवण्याची काळजी घ्यायची असते. म्हणजे खलाशाची हाक मोजता येते, त्याने जगाचा व्यापार बुडत नाही, हे जगाने मान्य केलं आहे. फक्त पगारासाठी उघडलेलं दार मनगटासाठी, वाटेवरच्या पाण्यात, अजून उघडलेलं नाही.

चार अपवादांच्या यादीत पाचवा घालायला किती शब्द लागतील? ‘किंवा ज्याच्यावर गुन्हा घडला त्याने मदत मागितली तर.’ एवढेच. आणि करार बदलेपर्यंतही थांबायची गरज नाही, असं मला वाटतं. अशा जहाजावर पाऊल ‘ठेवताच येणार नाही’ असं २७वं कलम म्हणत नाही, ते ‘ठेवू नये’ म्हणतं. या दोन शब्दप्रयोगांत एक माणूस मावेल इतकी जागा आहे. ती वापरायची की नाही, हे किनाऱ्यावरच्या देशाने ठरवायचं आहे.

*

मित्राचं मनगट वाकडं जुळलं. कोलंबोत पट्टी बांधली, तोवर हाड आपल्या मनाने बसलं होतं. करार संपल्यावर तो घरी आला तेव्हा आम्ही मूलच्या बसस्टँडवर चहा प्यायलो. कप त्याने डाव्या हातात धरला होता. तक्रार करायची का, विचारलं. म्हणाला, “नाव झालं तर पुढचं जहाज कोण देईल? बाबाचं कर्ज आहे.” दोन महिन्यांनी तो दुसऱ्या जहाजावर चढला. झेंडा पुन्हा तिसऱ्याच कुणाचा.

त्या रात्री त्याला मी शेवटी काय उत्तर दिलं, ते सांगायचं राहिलं. मी म्हणालो होतो, “तू इंडियात आहेस, पण...” आणि कलम समजावून सांगायला लागलो. मधेच रेंज गेली. त्याने ‘पण’पर्यंत ऐकलं की पुढचंही, हे मी त्याला अजून विचारलेलं नाही.

आज फोन आला तर मी आधी त्याच्या हाताबद्दल विचारीन. मग तो कोणत्या मैलावर आहे ते मी शोधीन, त्याला विचारणार नाही.